परसबाग, बियाणे आणि ‘गावठी’ : एका अलिखित ज्ञानपरंपरेचा मागोवा

१. प्रश्नाचे स्वरूप

महाराष्ट्राच्या कृषिजीवनाचा इतिहास आजवर मुख्यतः महसुली कागदपत्रांच्या आधारे लिहिला गेला आहे. जमीन काळी की बरड, जिरायत की बागायत, तिच्यावर आकार किती, सूट किती, बाकी किती, हे प्रश्न राज्यकर्त्यांच्या जिव्हाळ्याचे होते. त्यामुळे त्यांची उत्तरे दप्तरांत उतरली आणि दप्तरांतून इतिहासकारांच्या हाती आली. या साधनांचे मोल निर्विवाद आहे. तथापि, जे करपात्र नव्हते ते दप्तरात आले नाही, आणि जे दप्तरात आले नाही ते इतिहासात आले नाही, असा एक अनिष्ट परिणामही त्यातून घडला.

घरामागचा परसू हे याचे ठळक उदाहरण होय. गावाची काळी आणि पांढरी अशी जी जुनी विभागणी आहे, तीत शेतजमीन काळीत मोडते आणि वस्तीची जागा पांढरीत. परसू हा घराला लागून, म्हणजे पांढरीत. साहजिकच काळीच्या आकारणीतून तो सामान्यतः बाहेर राहिला. त्यात दुधीचा एखादा वेल, वालाचा मांडव, मोरीच्या पाण्यावर वाढणारे अळू, चार वांगी, दोन मिरच्यांची झाडे, कढीलिंब आणि तुळस एवढेच असे. हे पीक बाजारात क्वचित जाई. त्याची राखण करणारी बहुधा घरातील स्त्री, आणि त्याविषयीचे ज्ञान एका परसातून दुसऱ्या परसात जाण्याचे साधन म्हणजे कुंपणावरून होणारे संभाषण व पदराच्या टोकाला बांधून दिलेले बी.

प्रस्तुत लेखात या ज्ञानाच्या देवघेवीचा इतिहास शोधण्याचा प्रयत्न केला आहे. ज्या परंपरेने लिखित पुरावा जवळजवळ ठेवलाच नाही, तिचा इतिहास कोणत्या साधनांनी लिहावयाचा, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न आजच्या व्यवहाराशी निगडित आहे. ‘देशी’ आणि ‘गावठी’ हे शब्द आज पुन्हा प्रतिष्ठा पावले आहेत. त्यांच्यावर संस्था उभ्या आहेत, कायदेही झाले आहेत. परंतु बाग करणाऱ्यांच्या परंपरेत या शब्दांचा नेमका अर्थ कोणता होता? प्रस्तुत लेखकाच्या मते तो अर्थ आज आपण गृहीत धरतो त्याहून वेगळा होता, आणि तो समजून न घेतल्यास जे जतन करावयाचे तेच आपल्या हातून निसटण्याचा संभव आहे.

२. शब्दांची साक्ष

जेथे कागद नाही तेथे भाषा हाच पहिला साक्षीदार. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली प्रसिद्ध झाली. या पिढीच्या मराठीत बागकामाचा जो शब्दसंग्रह दिसतो, त्यात एक सूक्ष्म व्यवस्था आहे. मळा वेगळा, वाडी वेगळी, आगर वेगळे, परसू वेगळा. कोकणात परसाला परडे म्हणतात. गोमंतकात माडापोफळीच्या बागेला कुळागर. देशावरील मळा म्हणजे विहिरीवर मोट चालवून केलेले बागायत. तेथे पाणी पाटाने वाफ्यांत जाते. परसात पाट नाही. तेथे पाणी घागरीने, किंवा धुणेभांड्यांचे सांडपाणी आळ्यांत सोडून. मळ्याचे माप वाफा आणि परसाचे माप आळे, असे म्हणावयास हरकत नाही.

याच शब्दसंग्रहात नव्या पिकांच्या आगमनाच्या खुणा आहेत. बटाटा, पपई, अननस, काजू, कोबी ही नावे पोर्तुगीजांच्या मार्फत मराठीत आली, हे सर्वश्रुत आहे. परंतु नव्या जगातून आलेल्या सर्वच वनस्पतींनी आपले नाव सोबत आणले असे नाही. मिरची हे नाव मिऱ्यावरून घडले. भुईमूग हा ‘भुईतला मूग’ झाला. रताळे, लाल भोपळा, सीताफळ ही नावे तर इतकी घरगुती वाटतात, की ही पिके मूळची अमेरिका खंडातील असून सोळाव्या शतकापूर्वी येथे नव्हती, या वनस्पतिशास्त्रातील प्रचलित मतावर सामान्य माणसाचा सहसा विश्वास बसत नाही.

नामकरणाच्या या दोन पद्धतींत एक भेद दिसतो. परके नाव टिकते तेथे वस्तू बाजारातून किंवा परकीयांच्या पानातून ओळखीची झाली असावी. आणि जुन्या नावाशी साम्य जोडून नवे नाव घडते तेथे ती वस्तू लावणाऱ्याच्या नजरेने पारखली गेली असावी. भुईमुगाला ‘भुई’ हे पद जोडणाऱ्याने त्याची शेंग जमिनीत धरते हे पाहिले होते. हा नियम सर्वत्र लागू पडेल असे नव्हे. परंतु शब्दकोश हा बागेचाही दस्तऐवज असतो, एवढे त्यावरून निश्चित होते.

३. ग्रंथपरंपरा आणि तिच्या मर्यादा

वनस्पतिसंवर्धनाविषयीची संस्कृत ग्रंथपरंपरा समृद्ध आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या ग्रंथाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात असून तिचे इंग्रजी भाषांतरासह प्रकाशन १९९६ साली सिकंदराबाद येथून झाले. चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरपद्धतीत ‘उपवनविनोद’ हा विभाग आहे. आपल्या प्रदेशाशी अधिक निकटचा ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या ग्रंथात उद्यान आणि पाकक्रिया या दोहोंचा विचार आला आहे. बीजसंस्कार, रोपांमधील अंतर, झाडांचे रोग, कुणपजलासारखी आंबवलेली द्रवरूप खते अशी पुष्कळ माहिती या वाङ्मयात सापडते.

परंतु या ग्रंथांचा केंद्रबिंदू वृक्ष आणि उपवन हा आहे. त्यांचा आश्रयदाता राजा किंवा श्रीमंत नागरक. त्याची आवड फळझाडे, फुलझाडे आणि अकाली फुलोऱ्यासारखे चमत्कार. भाजीपाल्याचा घरगुती वाफा तेथे गौण आहे. याला एक लक्षणीय अपवाद वात्स्यायनाच्या कामसूत्रात आढळतो. त्यातील भार्याधिकारिक अधिकरणात गृहिणीच्या कर्तव्यांची जी यादी आहे, तीत घरालगतच्या मोकळ्या जागेत पालेभाज्या, जिरे, मोहरी इत्यादींचे वाफे तयार करणे, तसेच मुळा, काकडी, वांगे, कोहळा, दुधी, सुरण अशांची बियाणी व लागवडीचे साहित्य वेळीच गोळा करून योग्य काळी लावणे, यांचा समावेश आहे. बी जपणे हे गृहिणीचे काम आहे, असे हा ग्रंथ स्पष्ट सांगतो. ते कसे जपावे हे मात्र तो सांगत नाही. कारण ते ज्ञान ग्रंथकाराकडे नव्हते, गृहिणीकडे होते.

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत युरोपीयांनी या प्रदेशातील वनस्पतींवर जे ग्रंथ रचले, त्यांतही असाच प्रकार दिसतो. गार्सिया द ओर्ता याचे ‘कोलोकियस’ १५६३ साली गोव्यात छापले गेले. संवादरूपाने लिहिलेल्या या ग्रंथात औषधींची चर्चा दोन विद्वान करतात, आणि प्रसंगी पाला वा फळ आणून दाखविते ती अंतोनिया नावाची दासी. व्हान ऱ्हीड याच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथात (१६७८–१६९३) इट्टी अच्युतन याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी केलेल्या साहाय्याचा उल्लेख आहे; त्यांचे १६७५ सालचे नागरी लिपीतील प्रमाणपत्रही ग्रंथात छापले आहे. वैद्यांची नावे राहिली, हे त्या काळाच्या मानाने विशेषच म्हटले पाहिजे. परंतु वनस्पती ओळखून आणणाऱ्यांची आणि परसात वाढविणाऱ्यांची नावे राहिली नाहीत.

४. ऋषिपंचमीची भाजी

लिखित ग्रंथ मूक राहतात तेथे आचार बोलतो. भाद्रपद शुद्ध पंचमीला महाराष्ट्रातील स्त्रिया ऋषिपंचमीचे व्रत करतात. त्या दिवशी बैलाच्या श्रमातून निघालेले अन्न खावयाचे नाही, असा दंडक आहे. म्हणून नांगरलेल्या शेतातले धान्य वर्ज्य. आपोआप उगवणारे देवभात चालते. भाजी असते ती अळू, सुरण, माठाचे देठ, भेंडी, पडवळ, शिराळे, अंबाडी, लाल भोपळा, मक्याचे कणीस अशा हाताने लावलेल्या जिनसांची.

या दंडकाचा धार्मिक अर्थ काहीही असो, इतिहासाच्या दृष्टीने तो एक अमोल पुरावा आहे. त्यात परसू आणि मळा यांच्यामधील सीमा नेमकी आखलेली आहे. मळ्यातील भाजी हीही भाजीच. परंतु मोट बैल ओढतात, म्हणून ती वर्ज्य. परसाचे काम कुदळीने, खुरप्याने आणि घागरीने होते, म्हणून त्याचे उत्पन्न ग्राह्य. वर्षातून एक दिवस का होईना, बाईच्या हातांच्या श्रमाला बैलांच्या आणि नांगराच्या श्रमापासून वेगळे काढून प्रतिष्ठा देणारा हा विधी आहे. शिवाय ज्या घरी या दिवशी पुरेशा भाज्या नसत, तेथे शेजारच्या परसातून त्या येत. आज शहरांत ऋषीची भाजी मंडईतून विकत येते, आणि ती ज्या शेतात पिकते तेथे बैलाऐवजी ट्रॅक्टर चालतो. दंडकाचे अक्षर पाळले जाते आणि आशय सुटतो.

परंतु याच भाजीत एक कोडे आहे. मका आणि लाल भोपळा ही दोन्ही पिके, वर म्हटल्याप्रमाणे, अमेरिकेतून आलेली. ऋषींच्या नावाने होणाऱ्या, प्राचीनत्वाचा अभिमान बाळगणाऱ्या विधीत ती कशी शिरली? एकादशीच्या फराळाचीही हीच गत आहे. बटाटा, रताळे, भुईमूग आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे सर्व परदेशीय.

याचे उत्तर असे दिसते, की परंपरेने विचारलेला प्रश्न ‘ही वनस्पती कोठून आली?’ हा नव्हताच. तिचा प्रश्न होता, ‘ही कशी पिकविली?’ किंवा ‘हे धान्य आहे की कंद?’ नवी वनस्पती या कसोटीस उतरली की तिला प्रवेश मिळे. ही परंपरा बंदिस्त नव्हती. नवे पीक परसात लावून पाहावे, चार वर्षे त्याचे बी धरावे, ते आपल्या मातीत आणि आपल्या पावसात टिकते असे दिसले की शेजारणीला द्यावे, अशा क्रमाने ते घरचे होत असले पाहिजे. दोन-तीन शतकांत ते ऋषींचे झाले.

५. सावता माळ्यांच्या अभंगातील मिरची

याच संदर्भात संत सावता माळी यांच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगाचा विचार करणे उद्बोधक ठरेल. सोलापूर जिल्ह्यातील अरण हे सावता महाराजांचे गाव. त्यांची समाधी १२९५ सालची मानतात. आपल्या मळ्यातील भाजीपाल्यातच विठ्ठल पाहणारा त्यांचा अभंग महाराष्ट्रात घरोघरी गाइला जातो. त्यातील भाज्यांच्या नामावळीत मिरचीचाही उल्लेख आहे. मिरची ही वनस्पती पोर्तुगीजांच्या आगमनानंतर, म्हणजे १४९८ नंतर, भारतात आली. मग तेराव्या शतकातील संताच्या मळ्यात ती कोठून?

तीन उपपत्ती संभवतात. मूळ शब्द मिऱ्यासाठी असावा, ही पहिली. परंतु मिऱ्याचा वेल दमट हवेचा. सोलापूरकडील कोरड्या प्रदेशातील मळ्यात, कांदा-मुळ्याच्या वाफ्याशेजारी तो होणे कठीण. दुसरी उपपत्ती अशी, की मूळ अभंगात दुसरा एखादा शब्द होता आणि गाणाऱ्यांनी पुढे आपल्या मळ्यातील मिरची तेथे बसविली. अभंग पुढील काळात रचला जाऊन संतांच्या नाममुद्रेने रूढ झाला, ही तिसरी. यांपैकी एकीचा निर्णय हस्तलिखितांच्या चिकित्सेनेच लागू शकेल, आणि तो पाठचिकित्सकांचा प्रांत आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की दुसरी वा तिसरी कोणतीही उपपत्ती स्वीकारली तरी अभंगातील मळा हा गाणाऱ्यांचा मळा ठरतो. पिढ्यान्‌पिढ्या तो गाणाऱ्या माळ्यांनी आपल्या वाफ्यांशी तो ताडून पाहिला आणि आपल्या अनुभवाला जुळता ठेवला. यात अभंगाचे पावित्र्य उणावण्यासारखे काही नाही. मौखिक परंपरेतील शब्द आणि मौखिक परंपरेतील बी यांची रीत एकच असते: दोन्ही हातोहात जाताना थोडे बदलतात, आणि बदलतात म्हणूनच टिकतात.

६. परसातील शास्त्र

येथपर्यंतच्या विवेचनावरून ही परंपरा केवळ आचाराची होती असा समज होऊ नये. तिच्यात निरीक्षणाचा आणि कार्यकारणभावाचा भक्कम भाग आहे. काही उदाहरणे पाहू.

दुधीचा वेल मांडवावर चढला की त्याचा शेंडा खुडावा, असे जुन्या बायका सांगतात. शेंडा खुडल्याने बगलफुटी होते, आणि दुधीत मादी फुले बगलफांद्यांवर अधिक येतात. म्हणून फळे वाढतात. दुधी किंवा पडवळ चिरण्यापूर्वी त्याची फोड चाखून पाहावी आणि कडू लागल्यास फळ टाकून द्यावे, त्याचे बी कदापि धरू नये, हा दुसरा नियम. कडू दुधीतील द्रव्ये विषारी असतात आणि त्यांचा गुण बियांतून पुढे जातो, हे आज रसायनशास्त्राने व अनुवंशशास्त्राने सिद्ध आहे. पानांवर मावा पडल्यास चुलीची राख धुरळावी. बी राखेत घोळून, सुक्या भोपळ्यात किंवा मडक्यात भरून, तोंड शेणाने लिंपून ठेवावे. कांद्याचे बी मात्र एका वर्षापलीकडे भरवशाचे मानू नये. या प्रत्येक सूचनेमागे कीड, आर्द्रता आणि बीजाचे आयुष्य यांविषयीचा दीर्घ अनुभव आहे.

रानभाज्यांचे ज्ञान तर अधिक काटेकोर असावे लागते. पावसाच्या प्रारंभी सह्याद्रीच्या उतारांवर येणारे शेवळ घशाला खाजते. म्हणून ते काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवितात. टाकळा कोवळा असतानाच खुडावयाचा. करटोलीचे वेल नर आणि मादी असे वेगळे असतात, म्हणून केवळ मादी वेल परसात आणून लावल्यास फळ धरत नाही. जवळ नरवेल हवा. कुर्डू, फोडशी, भारंगी यांच्या खुडणीचे आणि शिजविण्याचे असेच स्वतंत्र नियम आहेत. ते ठाऊक नसतील तर भाजी कडू, खाजरी किंवा अपायकारक होते. येथे ज्ञान हरवणे म्हणजे अन्नच हरवणे होय.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वाल, घेवडा यांसारख्या शेंगवर्गीय वेलांत स्वपरागीभवन प्रमुख असते. त्यामुळे शेजारशेजारच्या परसांत दोन भिन्न वाण लावले तरी ते बव्हंशी आपापले गुण राखतात. उलट, भोपळावर्गीय वेलांत परागीकरण कीटकांमार्फत होते आणि वाण सहज मिसळतात. एकाच वाडीत वालाचे अनेक रंग-आकार आढळतात, परंतु भोपळ्याचे वाण गावागणिक एका वळणाचे होतात, याचे एक कारण हे असावे. परसांची रचना आणि बियाण्यांची विविधता यांचा संबंध असा प्रत्यक्ष आहे.

येथे एका मोहाविषयी सावध करणे आवश्यक वाटते. बियाण्याचे ‘वाण’ आणि संक्रांतीला सवाष्णींना द्यावयाचे ‘वाण’ हे शब्द उच्चाराने एक असल्यामुळे दोहोंची सांगड घालण्याची इच्छा होते. परंतु पहिल्याचा उगम ‘वर्ण’ या शब्दाकडे आणि दुसऱ्याचा ‘वायन’ या शब्दाकडे जातो. ध्वनिसाम्यावर इतिहास उभारू नये. मात्र संक्रांतीच्या सुगडांत हरभऱ्याचे घाटे, ऊस, गाजर, बोरे असा हंगामाचा जिन्नस घालून तो घरोघर दिला जातो, हा आचार स्वतंत्रपणे विचारार्ह आहेच.

७. संस्था, बागा आणि अनामिक माळी

एकोणिसाव्या शतकात बागकामाच्या ज्ञानाची देवघेव प्रथमच संस्थाबद्ध झाली. कलकत्त्यास विल्यम कॅरी यांच्या पुढाकाराने १८२० साली कृषि व उद्यान मंडळी स्थापन झाली. १८३० साली पश्चिम हिंदुस्थानासाठी तशीच संस्था निघाली. पुण्यातील एम्प्रेस गार्डनची व्यवस्था पुढे तिच्याकडेच आली. पुण्याजवळ दापुरी येथे १८२८ साली सरकारी वनस्पतिउद्यान सुरू झाले आणि १८६५ पर्यंत चालले. जॉन ग्रॅहम यांची मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची १८३९ साली, आणि डॅलझेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ साली प्रसिद्ध झाला. दापुरीनंतर गणेशखिंड येथील उद्यान उभे राहिले, तेथील जी. मार्शल वुड्रो यांचे हिंदुस्थानातील बागकामावरील इंग्रजी पुस्तक दीर्घकाळ वापरात होते.

या संस्थांनी बियाणी आणि रोपे वाटली, प्रदर्शने भरविली, सूची छापल्या. त्यांचे कार्य मोठे आहे. परंतु त्यांच्या देवघेवीचे वर्तुळ इंग्रजी जाणणाऱ्यांचे होते. प्रत्यक्ष वाफ्यांत काम करणारे माळी त्या वर्तुळात नोकर म्हणून होते, सभासद म्हणून नव्हे. दापुरीच्या उद्यानातील वनस्पतींची सुमारे १८४७ ते १८५० या काळात काढलेली सुंदर चित्रे आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिउद्यानात आहेत, आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ती चित्रे काढणारा चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच ज्ञात आहे. त्याचे नाव राहिले नाही. ज्याने कागदावर चित्र ठेवले त्याचे नाव राहिले नाही, तर ज्याने केवळ झाड ठेवले त्याचे कोठून राहणार?

या पार्श्वभूमीवर महात्मा जोतीराव फुले यांचे ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) हे पुस्तक निराळे उठून दिसते. फुले हे माळी समाजातील, आणि त्यांचे आडनावच फुलांच्या व्यवसायावरून पडलेले. डोंगरावरून वाहून येणारा गाळ व पालापाचोळा यांचे मोल, तो शेतात अडविण्यासाठी ताली-बंधारे, शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण, प्रदर्शने आणि बक्षिसे यांविषयी त्यांनी जे लिहिले, त्यात माती हाताळणाऱ्याचे ज्ञान प्रथमच मराठी गद्यात स्वतःच्या अधिकाराने बोलू लागले. तरीही तो अधिकार शेताचा आणि मळ्याचा होता. परसू अजूनही मूकच होता.

८. विसावे शतक : प्रयोग आणि पत्रव्यवहार

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू झाली. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाचा प्रारंभ केला. या मोहिमांत ज्ञानाचा प्रवाह वरून खाली असा होता. तज्ज्ञाने सांगावे आणि लोकांनी करावे, हे त्यांचे सूत्र.

या सूत्राला महाराष्ट्रात जो सर्वांत विचारपूर्ण पर्याय पुढे आला, तो श्रीपाद अच्युत दाभोळकर यांचा ‘प्रयोग परिवार’. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी संबंधित असलेले दाभोळकर हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. प्रत्येक शेतकरी हा स्वतःच्या जागेतील संशोधक आहे. त्याने प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि निष्कर्ष दुसऱ्यास कळवावा, ही त्यांची भूमिका होती. भेटी, पत्रे आणि अभ्यासमंडळे यांच्या द्वारा विशेषतः द्राक्षबागाईतदारांमध्ये ही पद्धत रुजली. अल्प जागेत, सूर्यप्रकाश आणि पालापाचोळा यांचा हिशेब मांडून कुटुंबाचा भाजीपाला पिकविण्याचे त्यांचे विवेचन मराठीत ‘विपुलाच सृष्टी’ आणि इंग्रजीत १९९८ सालच्या ‘प्लेंटी फॉर ऑल’ या ग्रंथांत आले. त्यांच्या विचारातून प्रेरणा घेऊन डॉ. रमेश दोशी यांनी मुंबईत गच्चीवर, उसाच्या चिपाडांचा उपयोग करून भाजीपाला पिकविण्याची पद्धत प्रचारात आणली. परसू नाहीसा झालेल्या शहराने गच्चीलाच परसू केले.

प्रयोग परिवाराचे ऐतिहासिक वैशिष्ट्य असे, की कुंपणावरील संभाषणाला त्याने नोंदवहीची जोड दिली. परंतु दाभोळकरांचा शेतकरी अक्षर लिहू शकत होता. ज्या स्त्रिया ते करू शकत नव्हत्या, त्यांच्यापैकी एकीने याच परंपरेला वेगळ्या मार्गाने राष्ट्रीय मान्यता मिळवून दिली. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई सोमा पोपेरे यांनी शालेय शिक्षण नसताना वाल-घेवड्यांसह अनेक पिकांचे गावठी वाण जमविले, वाढविले आणि वाटले. त्यांच्या बियाणे-संग्रहाला बायफ या संस्थेचे साहाय्य लाभले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कामसूत्रकाराने एका वाक्यात उल्लेखिलेले गृहिणीचे कर्तव्य येथे प्रथमच एका व्यक्तीच्या नावाने इतिहासात दाखल झाले.

९. ‘गावठी’चा अर्थ आणि कायदा

आता आरंभीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. परसाच्या भाषेत ‘गावठी मिरची’, ‘गावठी मका’, ‘गावठी टोमॅटो’ हे शब्दप्रयोग रूढ आहेत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने यांपैकी एकही वनस्पती देशीय नाही. मग हे प्रयोग अज्ञानमूलक मानावयाचे काय? तसे नाही. ‘गावठी’ म्हणजे येथे उगम पावलेले नव्हे, तर येथे बी धरलेले. जे बी घरात राखता येते, पुढील वर्षी तसेच उगवते, आपल्या पावसाला सरावलेले आहे आणि जे मागितल्यास देता येते, ते गावठी. हा शब्द वनस्पतीच्या जन्मस्थानाचा नसून तिच्याशी जडलेल्या नात्याचा आहे. संकरित बियाणे गावठी होत नाही ते ते परके असते म्हणून नव्हे. त्याचे बी पुढील पिढीत गुण राखत नाही आणि म्हणून देवघेवीच्या साखळीत ते बसत नाही, यामुळे.

हा अर्थ ध्यानी घेतल्यास २००१ सालच्या वनस्पतिवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याकडे पाहण्याची दृष्टी मिळते. त्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटून घेण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. निषेध आहे तो संरक्षित वाण व्यापारी नाममुद्रेखाली विकण्याचा. पदराच्या टोकाला बी बांधून देणारी जी रीत कोणत्याही दप्तरात नव्हती, ती येथे हक्क म्हणून प्रथम लिहिली गेली. शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी करण्याचीही सोय त्यात आहे.

मात्र येथेच एक पेच उभा राहतो. नोंदणी म्हणजे वर्णन. आणि वर्णन म्हणजे वाणाला एका क्षणी स्थिर करणे. परंतु आपण पाहिले, की ऋषीच्या भाजीत मका शिरला, अभंगात मिरची आली आणि वालाचे रंग परसापरसांत वाढत गेले, ते ही परंपरा स्थिर नव्हती म्हणून. संग्रहालयातील बाटलीत बी जिवंत राहू शकते. त्याची रीत राहत नाही. कोणत्या वेलाचा शेंडा केव्हा खुडावा, कोणते फळ बियाला ठेवावे, कडू फळ कसे ओळखावे, हे बियाण्याबरोबर न लिहिल्यास पुढील पिढीच्या हाती केवळ एक निनावी दाणा येईल.

१०. उपसंहार

वरील विवेचनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. परसाचा इतिहास महसुली दप्तरात नाही. तो शब्दकोशात, व्रतांच्या दंडकांत, अभंगांच्या पाठांत आणि खुद्द बियाण्यांत विखुरलेला आहे. या साधनांची चिकित्सा करता असे दिसते, की ही परंपरा प्राचीन असली तरी बंदिस्त नव्हती. तिने परक्याला प्रवेश दिला, परंतु आपल्या कसोटीवर. तिची वाहक प्रामुख्याने स्त्री होती, आणि म्हणूनच तिची नोंद झाली नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी येथे विस्तृत क्षेत्र मोकळे आहे. एखाद्या तालुक्यातील परसांची पाहणी करून प्रत्येक वाणाचे स्थानिक नाव, ते कोणाकडून आले, किती वर्षे बी धरले आहे, लावण्याचा व राखण्याचा विधी कोणता आणि ते पुढे कोणाला दिले, एवढ्या पाच बाबी जरी सांगणाऱ्या व्यक्तीच्या संमतीने तिच्या नावासह नोंदविल्या, तरी एका नव्या प्रकारचे दप्तर उभे राहील. बियाणे माहेरून सासरी आले असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. तसे असेल तर बियाण्यांचा नकाशा हा सोयरिकीचाही नकाशा ठरेल, आणि सामाजिक इतिहासाला एक अनपेक्षित साधन लाभेल. हे काम लवकर व्हावयास हवे. कागद वाळवीपासून वाचविता येतो. परंतु कांद्याच्या बियाप्रमाणे काही ज्ञानाचेही आयुष्य अल्प असते, आणि ते ज्यांच्यापाशी आहे त्यांची पिढी आज परसाच्या दारात शेवटची उभी आहे.